रात्री सव्वादहाची दाढदुखी

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं की हमखास कोणीतरी येतं. इचलकरंजीत औषधाचं दुकान चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली. या वेळेला माणसं तीनच कारणांनी येतात: ताप, उलट्या-जुलाब आणि दाढ. मोठ्या माणसाची दाढ असेल तर तो एकटाच येतो, गालावर हात दाबून. लहान पोराची असेल तर बाप येतो, पोर खांद्यावर टाकून.

गेल्या पावसाळ्यात एक जण असाच आला. बाहेर रिपरिप चालू होती. रात्रपाळीचा यंत्रमाग शेजारच्या गड्यावर सोपवून तासाभरासाठी आलेला माणूस. केसांत, भुवयांवर सुताची तुसं तशीच होती. खांद्यावर चार वर्षांचा मुलगा, रडून रडून आवाज बसलेला.

"ताई, दोन रात्री झोपला न्हाई. लवंगाचं तेल द्या आणि एक कसली तरी गोळी द्या."

मी पोराला काउंटरवर बसवलं. तोंड उघडायला तयार नव्हता. "तुला दात किती आहेत रे, मोजूया का?" म्हटल्यावर उघडलं. मोबाइलच्या उजेडात बघितलं. वरचे पुढचे चार दात म्हणजे हिरडीलगत उरलेले तपकिरी खुंट. खालचे पुढचे चार मात्र पांढरेशुभ्र, आंबेमोहराच्या दाण्यांसारखे. डावीकडे खालच्या दाढेला मोठं भोक, आणि त्या दाढेखाली हिरडीवर एक पिवळट पुटकुळी.

वरचे चार गेलेले आणि खालचे चार शाबूत, असं तोंड दिसलं की त्या मुलाची रात्र कशी जाते ते मला न विचारता कळतं. मूल तोंडात बाटली धरून झोपतं तेव्हा दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ येते, आणि लाळही तिथेच, जिभेखाली पाझरते, म्हणून ते वाचतात. त्यात झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दिवसा तोंडातलं आम्ल धुऊन काढणारं पाणीच रात्री बंद असतं.

लवंगेचं तेल मी दिलं नाही. लहान मुलाच्या हिरडीला ते भाजतं आणि पोटात गेलं तर थेट यकृतावर येतं. वजन विचारून त्या मापाने पॅरासिटामॉल दिलं. त्याने अँटिबायोटिकही मागितलं, मागच्या वेळी कुणीतरी दिलं होतं म्हणाला. तेही दिलं नाही. पुटकुळी म्हणजे आत पू आहे, औषधाने तो चार दिवस दबतो आणि पुन्हा वर येतो, दाताचं काम केल्याशिवाय सुटका नाही, हे त्याला सांगितलं. गाल सुजला, ताप चढला, सूज डोळ्याकडे जायला लागली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हेही दोनदा सांगितलं.

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "पण दुधाचेच दात न्हवं ताई? पडायचेच की."

हे वाक्य मी महिन्यातून किती वेळा ऐकते त्याला गणती नाही. शिकलेल्या घरांतूनही ऐकते. दुधाचे दात पडायचे असतात हे खरंच आहे, पण सगळे एकदम पडत नाहीत. पुढचे सहा-सात वर्षांचा झाल्यावर पडतात, मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे त्या पोराला त्याच दाढेवर अजून सहा ते आठ वर्षं जेवायचं होतं. भाकरी चावत नाही म्हणून मग तो दूध-बिस्किटावर राहतो, आणि त्यानेच बाकीचे दातही जातात. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा पोचू शकते. आणखी एक गोष्ट बहुतेक आईवडिलांना माहीत नसते. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कळतच नाही. ती कायमची दाढ असते, आणि किडलेल्या शेजाऱ्यांच्या पंगतीत येऊन बसते.

"बाटली देता का रात्री?" मी विचारलं.

"देतो की. मी रातपाळीला. ही सकाळी सातला कांडीवर जाती, सूत भरायला. एका खोलीत पाच माणसं आम्ही. ह्यो रडला की पलीकडचा भिंत वाजवतोय, त्येची बी दिवसपाळी असती. मग काय करायचं?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ते नव्हतं म्हणूनच मी आज हे लिहायला बसले आहे.

"मुलांचे दात का किडतात?" असं विचारलं की आपल्याकडे दोनच उत्तरं येतात. चॉकलेट आणि आईचं दुर्लक्ष. काउंटरच्या या बाजूला उभं राहून इतकी वर्षं जे बघितलं त्यावरून मला वाटतं, आपण प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारतो. ते मूल रात्री कोणाशेजारी झोपतं, त्या माणसाला सकाळी किती वाजता उठायचं असतं, भिंतीपलीकडे कोण झोपलेलं असतं, दिवसभर त्याला धरून कोण बसतं, हे विचारलं की दात का किडले ते समजतं. बाटली त्या घरात झोप आणते. पाच माणसांची झोप. चमचाभर साखरेत एवढं मिळत असेल तर कुठलं दमलेलं घर ते नाकारेल?

आणि हे मी मागवाल्यांच्या खोल्यांबद्दल बोलते आहे असं कुणाला वाटायला नको. हे माझ्या स्वतःच्या घरात घडलं आहे.

माझी धाकटी 2018 च्या पावसाळ्यात झाली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती पावणेदोन वर्षांची होती. सगळं गाव बंद झालं, औषधाची दुकानं उघडी. दुकानात कामाला येणारी दोन्ही मुलं आपापल्या गावी अडकली, म्हणून मी आणि आमचे हे, दोघंच सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात. समोर खोकणारी माणसं. घरी सासूबाईंना रक्तदाब, सासऱ्यांना मधुमेह. भीतीने मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागले आणि लेक सासूबाईंजवळ. तिचं अंगावरचं दूध त्या आठवड्यातच तुटलं. दाराच्या फटीतून हात घालून ती "आई, आई" करायची आणि मी आतून कडी लावून बसायचे. ते आठवलं की आजही घशाशी येतं.

बाटली मी माझ्याच दुकानातून नेली. खोक्यावरचा सगळा मजकूर मला पाठ होता. दूध पाजायच्या बाटल्यांची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला, हे फार्मसीवाल्यांना शिकवलेलं असतं. बाटलीने जुलाब होतात, बाटली उकळून घ्यावी लागते, हे मी गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगत आले होते. दातांचा विचार मात्र डोक्यात आला नव्हता.

म्हशीचं दूध, थोडं पाणी, चमचाभर साखर. नुसतं दूध ती घेईना म्हणून साखर. रात्री एकदा, मग दोनदा, मग तीनदा. टाळेबंदी उठली, मी आतल्या खोलीत परत आले, पण बाटली काही गेली नाही. तिला तिची सवय झाली होती आणि आम्हाला झोपेची.

त्या वर्षीच्या दिवाळीत, पहिल्या अंघोळीला तिला तेल लावताना ती खळखळून हसली, तेव्हा वरच्या दातांवर हिरडीलगत पांढरी रेघ दिसली. खडूने ओढल्यासारखी. दुधाची साय चिकटली असेल म्हणून मी ओल्या फडक्याने पुसली. गेली नाही. पुन्हा पुसली. मग दारात पणत्या लावायच्या होत्या म्हणून उठले आणि विसरले.

त्या रेघेपाशी मी थांबायला हवं होतं. कीड लागायची सुरुवात काळ्या डागाने होत नाही, अशा खडूसारख्या रेघेने होते. दातातला कॅल्शियम विरघळायला लागलेला असतो, पण भोक पडलेलं नसतं. त्या टप्प्यावर रात्रीचं गोड बंद केलं आणि फ्लोराइड मिळालं की तो दात परत सावरू शकतो. म्हणून आता कोणी तान्हं मूल घेऊन दुकानात आलं की मी आईला सांगते, महिन्यातून एकदा वरचा ओठ बोटाने उचलून उजेडात बघा. पैसे पडत नाहीत, अर्धं मिनिट लागतं.

माझ्या लेकीच्या बाबतीत ते अर्धं मिनिट हुकलं. जानेवारीत संक्रांतीला तिचं बोरन्हाण केलं. अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, गोळ्या ओतल्या, आणि ती तोंड उघडून हसली तोच फोटो निघाला. फोटो मोठा करून बघितला तेव्हा पांढऱ्या रेघेच्या जागी तपकिरी खाच होती. चारही दातांवर.

मग घरात सुरू झालं. नणंद फोनवर आईला म्हणाली, तू लाडावलंस तिला. माझी आई मला म्हणाली, दुकान दुकान करून पोरीकडे बघितलं नाहीस. आणि मी, लाज वाटते लिहायला, पण मी सासूबाईंवर चिडले. साखर कशाला घालायची, असं त्यांच्या तोंडावर बोलले. त्या काही बोलल्या नाहीत. उठून भांडी घासायला लागल्या. चौसष्ट वर्षांची बाई आठ महिने रात्रीतून तीनदा उठत होती, माझ्या मुलीसाठी, मी काउंटरला उभी राहावी म्हणून. एवढ्या महिन्यांत एकदाही मी त्यांना विचारलं नव्हतं की आई, तुम्ही तिला झोपवता तरी कसं?

दुसरी लाट ओसरल्यावर, जूनमध्ये लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. तोवर दोन दाढाही गेल्या होत्या. मूल तीन वर्षांचं, खुर्चीत बसायला तयार नाही. पूर्ण भूल देऊन सगळं एका दिवसात करता येतं, असा एक पर्याय होता. दुसरा पर्याय म्हणजे दाढांना काम करून स्टीलच्या टोप्या बसवायच्या आणि पुढच्या दातांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावायचं. ते ब्रशने लावतात, कोरावं लागत नाही, मिनिटाभरात होतं, आणि कीड जागच्या जागी थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलेलं औषध आहे. त्याचा एकच तोटा, किडलेला भाग कायमचा काळा कुळकुळीत होतो.

आम्ही काळं औषध निवडलं. सासूबाईंना ते फार लागलं. "मुलीच्या जातीचे दात काळे करून आणलेत," म्हणाल्या. लग्नाकार्यात लोक विचारायचे, हिला मिश्री लावता काय गं? लेक चार वर्षांची होईपर्यंत तोंडावर हात ठेवून हसायला शिकली होती. हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. ते औषध लावलं नसतं तर तिला दोन-दोन तास भूल द्यावी लागली असती किंवा दात काढावे लागले असते. निर्णय बरोबर होता, आजही तोच घेईन. पण तीन वर्षांच्या मुलीने हसताना तोंड झाकावं, याचं दुःख दाताच्या दुखण्यापेक्षा कमी नसतं.

बाटली सोडवली ती सासूबाईंनीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकदम तोडू नका. आधी साखर थोडी थोडी कमी केली. मग दर दोन रात्रींनी दुधात पाणी वाढवत गेलो. तीन आठवड्यांनी बाटलीत नुसतं पाणी उरलं आणि त्यात तिला गोडी उरली नाही. पण त्या तीन आठवड्यांत रात्रीचं रडणं सोसायला आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या. एक रात्र मी, एक रात्र हे, एक रात्र सासूबाई. आमच्याकडे तीन खोल्या होत्या आणि भिंत वाजवणारं कोणी नव्हतं, म्हणून ते जमलं. ज्याच्याकडे एकच खोली आहे त्याला "बाटली बंद करा" असं नुसतं सांगणं सोपं आहे.

या भानगडीत आणखी एक कळलं. दात किडवणारे जंतू मुलाच्या तोंडात जन्मतः नसतात. ते बहुतेक वेळा घरातल्याच मोठ्या माणसांच्या तोंडातून येतात: एकच चमचा, फुंकर घालून चाखून भरवलेला घास, तोंडात घालून पुसलेली चोखणी. सासूबाईंच्या स्वतःच्या दोन दाढा कित्येक वर्षं किडलेल्या होत्या. त्या मिश्री लावायच्या आणि दुखायला लागलं की आणखी लावायच्या. आजीने नातवंडाचा पापा घ्यायचा नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. आजीचे दात बघून घ्या, एवढंच म्हणते. आमच्याकडे लेकीच्या टोप्या बसवल्या त्याच महिन्यात सासूबाईंच्या दाढा काढल्या. मिश्री सुटायला मात्र दीड वर्ष गेलं.

आता दुकानातलं. माझ्या स्वतःच्या शेल्फवरचं.

लहान मुलांच्या पातळ औषधांच्या लेबलवर खाली बारीक अक्षरांत "फ्लेवर्ड सिरपी बेस" असं छापलेलं असतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ साखरेचा पाक. दम्याची, फिटची, वारंवार सर्दी-खोकल्याची मुलं महिनोन्‌महिने रात्री झोपताना हे औषध घेतात, वर पाणीही पीत नाहीत. औषध बंद करायचं अजिबात नाही. पण जेवणाबरोबर देता येईल का, बिनसाखरेचं मिळेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं, आणि रात्रीचंच असेल तर नंतर दात पुसून घेता येतात. उलट लोहाच्या औषधाने दातांवर काळपट डाग येतात तेव्हा आया घाबरून ते औषधच बंद करतात. तो डाग वरवरचा असतो, ती कीड नव्हे. औषध चालू ठेवा, मूल मोठं असेल तर वर चूळ भरायला लावा.

मध, गूळ, काकवी, खडीसाखर. "नैसर्गिक आहे ताई." जंतूला ते कळत नाही. त्याला गोड मिळालं की तो आम्ल करतो. शिवाय वर्षाच्या आतल्या मुलाला मध कुठल्याच कारणाने देऊ नये, त्याची कारणं दातांपेक्षा गंभीर आहेत.

आणि बिस्किटं. पाच रुपयांचा पुडा ही आमच्या गावातली सगळ्यात स्वस्त बालसंगोपनाची सोय आहे. कांडीवर काम करणाऱ्या बाया लहान पोराला बरोबर घेऊन जातात. मशीनचा पट्टा फिरत असतो. पोराने पट्ट्यापासून लांब, कोपऱ्यात बसावं म्हणून त्याच्या हातात पुडा देतात. ते पोर एक बिस्किट पंधरा-पंधरा मिनिटं चोखतं, पुडा दुपारपर्यंत पुरतो. पोराचा हात पट्ट्यात जाऊ नये यासाठी धडपडणाऱ्या बाईला मी दातांबद्दल काय सुनावणार? कारखान्याच्या आवारात पाळणाघर असतं तर तो पुडा लागला नसता.

गोड किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं याने जास्त फरक पडतो, हे आता दंतवैद्यकात पक्कं झालेलं आहे, आणि ते कसं कळलं ते वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते. स्वीडनमध्ये लुंड शहरात व्हिपेहोल्म नावाची बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांची संस्था होती. 1940 आणि 50 च्या दशकांत तिथल्या रुग्णांवर प्रयोग केले गेले. काहींना जेवणातून साखर दिली, काहींना दोन जेवणांच्या मध्ये दिवसभर चिकट टॉफ्या. त्यांची संमती घेतलेली नव्हती. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, टॉफीवाल्यांचे भराभर गेले. आपल्याला आज जे ज्ञान आहे ते त्या माणसांच्या दातांतून आलेलं आहे. पुढे त्या देशात मुलांना आठवड्यातून एकदाच, शनिवारी, गोड द्यायची रीत पडली.

त्यामागचं कारण साधं आहे. गोड तोंडात गेलं की काही मिनिटांत दातावर आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. दिवसातून तीनदा जेवणाबरोबर खाल्लं तर लाळ सावरते. तासातासाला बिस्किट असेल तर तिला सवडच मिळत नाही. आणि दुधाच्या दाताचं वरचं आवरण कायमच्या दाताच्या मानाने जवळजवळ निम्मंच जाड असतं. आमच्याकडे आता गोडाला रविवार ठरलेला आहे, जेवणाच्या ताटात. श्रीखंड असो की चॉकलेट, ताटातच. सणावाराला अर्थात सूट, पण तेही जेवताना.

देशभर 2002-03 मध्ये जी दातांची पाहणी झाली तीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांहून थोड्या जास्त मुलांचे दात किडलेले आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालात दुधाचे दात किडलेली मुलं जगभरात 51 कोटींहून जास्त आहेत. बहुतेकांवर उपचार होत नाहीत. का होत नाहीत ते मला काउंटरवरून दिसतं. माझ्या लेकीच्या एका दाढेला अडीच हजार लागले. सांगली-मिरजेकडे दंतमहाविद्यालयं आहेत, तिथे फार कमी पैशांत काम होतं, डॉक्टर मुलंही मन लावून करतात. पण तिथे जायचं म्हणजे एसटीचा दिवस, आणि एका खेपेत काम संपत नाही. इथे मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर आहे. माग थांबला की पैसे थांबले. पोराची दाढ, दोन-तीन दिवसांची मजुरी आणि वीस रुपयांचं दुखणं थांबवणारं औषध, यांचा हिशेब बाप माझ्यासमोर उभा राहून मनात करतो, मला त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

म्हणून मी काउंटरवर एक लहान ब्रश आणि पेस्टची ट्यूब कायम ठेवते. दाखवायला. जाहिरातीत ब्रशभर लांब लाट काढतात, तेवढी अजिबात लागत नाही. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी. पहिला दात दिसला की सुरुवात करायची. फ्लोराइडची पेस्ट हवी, आणि मागचं लेबल वाचून घ्या. 1000 पीपीएम (म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड) असेल तर उत्तम, ती आपल्याकडची कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा आहे. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत पेस्टपैकी काहींत फ्लोराइड नसतंच, काहींत निम्मं असतं. (चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिकडच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.) आणि ब्रश मोठ्या माणसाने करून द्यायचा, सात-आठ वर्षांपर्यंत. मुलाला ब्रश हातात देऊन "जा, दात घास" म्हणणं म्हणजे त्याला साबण देऊन एकट्याला अंघोळ करायला पाठवण्यासारखं आहे. सकाळी वेळ नसेल तर सकाळचं एकवेळ गडबडीत चालेल, रात्रीचं सोडू नका. त्यानंतर फक्त पाणी.

अंगावर पिणाऱ्या मुलांच्या आया हे ऐकून घाबरतात. अंगावरचं दूध तोडू नका. दोन वर्षं आणि पुढेही पाजा. फक्त दात आल्यावर ते रोज रात्री घासून घ्या.

अंगणवाडीच्या ताईंना धरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, आपल्याच राज्यात पालघरला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं, शाळेत एकदा, आणि त्यांच्या तपासणीत दातही आहेत. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि "दातही बघा" असं तोंडाने म्हणा. मागितल्यावर बघतात, पुढे पाठवायची चिठ्ठीही देतात.

माझी लेक आता सात वर्षांची आहे. काळे दात गेल्या वर्षी पडले. नव्या दातांची कड करवतीसारखी आहे, ती आरशासमोर उभी राहून जिभेने चाचपत असते.

आणि तो मागवाला. त्याचा मुलगा. दिवाळीच्या आधी संध्याकाळी त्या पोराची आई दुकानात आली, मुलाला हाताला धरून. दोन खेपा करून दाढेचं काम करून आणलं होतं. एक खेप ती गेली, एक तो. मी बाटलीचं विचारायच्या आधीच म्हणाली, "सोडवली. पलीकडच्या भावजींना जाऊन सांगितलं, पंधरा दिवस पोरगं रडंल, डॉक्टरनं सांगितलंय, तेवढं सोसा. न्हाई वाजवली त्यांनी भिंत."

मग म्हणाली, "ताई, तसले बारके ब्रश दोन द्या. एक त्यांच्या पोरीला. दोन वर्साची हाय."

मी दोन्ही ब्रशांवर पेस्ट लावून दाखवली. एकावर वाटाण्याएवढी, एकावर तांदळाएवढी. दोन्ही ब्रश एकाच रंगाचे होते, दुसरा रंग संपला होता. कुठला कुणाचा ते कळायला हवं म्हणून तिने पदराला चिकटलेला कांडीचा धागा ओढून काढला आणि पोरीच्या ब्रशला दोन वेढे देऊन गाठ मारली.